चि. मुक्तास, रुजू होण्याआधी

रविवार, २९ जून २०२५

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी पहाटे तू सहाच्या एस.टी.ने गेलीस आणि डबा ओट्यावरच राहिला. तुझी आई दिवसभर एकदा त्या डब्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. दुपारी मीच तो उघडला. थालीपीठं कडक झाली होती, पण बोलायची सोय नव्हती.

गुरुवारी रात्री मी ओरडायला नको होतं. वर गच्चीवर सुधाकर झोपला होता, त्यालाही ऐकू गेलं म्हणे. तुझं काहीच चुकलं नव्हतं असं मी म्हणणार नाही, पण माझा आवाज चुकला, हे कबूल.

या पत्रात नोकरीचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसलोय. मंगळवारी प्रांताधिकारी म्हणून रुजू होशील. क्वार्टरची किल्ली मिळाली का, पाणी किती वेळ येतं, शिपाई मंडळी बरी आहेत का, एवढंच विचारायचं. पाठदुखीचं तेल बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे.

तर ते अकरा प्रस्ताव.

तू सहज बोलून गेलीस. आधीच्या प्रांतांनी तडीपारीचे अकरा प्रस्ताव तसेच ठेवलेत, गणपतीच्या आत निकाली काढायचेत. मी विचारलं, दोन महिन्यांत अकरा माणसं नीट कळतील का तुला? तू म्हणालीस, "बाबा, प्रस्ताव पोलिसांचा असतो, नोटीस निघते, म्हणणं ऐकून घेतात. आम्ही फक्त अंमलबजावणी करतो." त्या वाक्यावर मी ताटावरून उठलो. तुला वाटलं असेल, बुधवारच्या आणीबाणीच्या कार्यक्रमाने म्हातारा हळवा झालाय. तसंही असेल थोडं.

पण ते वाक्य मी आधी ऐकलंय. आपल्याच घरात, जेवतानाच. कोणाच्या तोंडून ते सांगतो, पण मला सरळ सांगता येत नाही, जरा वळसा पडेल.

पत्र्याच्या पेटीतला आबांचा अटकेचा हुकूम तू पाहिलायस. २०१८ साली आजीचा मानधनाचा अर्ज भरताना तूच त्याचे फोटो काढलेस. तेव्हा तुला तो पुरावा म्हणून हवा होता, त्यामुळे वाचला असशीलच असं नाही. सायक्लोस्टाइल केलेला कागद आहे तो. मजकूर आधीच तयार, नावापुरती जागा मोकळी, आणि तिथे शाईने आबांचं नाव घातलेलं. वडिलांचं नाव चुकवलंय. सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधा येईल असं वर्तन करण्यापासून रोखण्यासाठी, वगैरे वगैरे. कसलं वर्तन, ते कुठेच नाही. लिहायची गरजच उरली नव्हती. आणीबाणी लागून चार दिवस होतात न होतात तोच मिसा या विनाचौकशी स्थानबद्धतेच्या कायद्यात वटहुकमाने दुरुस्ती झाली आणि पकडलेल्या माणसाला कारण सांगायचं बंधन उठलं. तारीख होती २९ जून १९७५. आज बरोबर पन्नास वर्षं झाली. हे मुद्दाम जुळवून आणलेलं नाही, लिहिता लिहिता लक्षात आलं.

खाली सही आहे. पहिल्या अक्षराला मोठा झोका, शेवटी दोन टिंबं. देखणी सही.

त्याच पेटीत तळाशी माझं प्रमाणपत्र आहे. १९७८, हस्ताक्षर स्पर्धा, दुसरा क्रमांक. त्याच्यावरही तीच सही. तोच झोका, तीच टिंबं. मी बारा वर्षांचा होतो, मला काय कळतंय! आजीच्या लक्षात आलं. तिने आतून हुकूम आणून शेजारी ठेवला. आबांनी चष्मा लावून दोन्ही कागद बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "माणसाचं अक्षर चांगलंय." मग माझ्याकडे वळून, "पहिला का नाही आलास?"

त्या साहेबांचा मला राग येत नाही. त्यांनी दोन्ही कागद सारख्याच वेगाने पुढे सरकवले असतील असं मात्र वाटतं. आणि माझ्या पोटात गोळा येतो तो तिथेच. तू कधी कुणाचं वाईट करशील असं माझ्या स्वप्नातही येत नाही. पण तुला कामाचा उरक आहे, मुक्ते. लहानपणापासून आहे. गृहपाठ शाळेतच संपवून यायचीस. त्या उरकाची मला भीती वाटते.

आलोच बघ नोकरीवर. असो.

आबा तुरुंगात होते त्या सतरा महिन्यांबद्दल तू आजीला कधी विचारलंयस का? ती आबांबद्दल सांगते, स्वतःबद्दल नाही. कैद्याला शिक्षा झाली की निदान वर्षं मोजता येतात. आबांना शिक्षाच झाली नव्हती, त्यामुळे मोजायला काही नव्हतं. त्यांच्या संस्थेने पगार थांबवला. शिलाई मशीन रात्री एकपर्यंत चालायचं. मी त्या आवाजात झोपायला शिकलो, अजून पंखा खडखडला की मला चांगली झोप लागते. ओळखीचे लोक समोरून येताना रस्त्याच्या पलीकडे जायचे. आजीने त्यांना कधी नावं ठेवली नाहीत. म्हणायची, त्यांनाही पोरंबाळं आहेत.

आबांची पत्रं यायची ती तपासणीचा शिक्का मारून. बराकीत समाजवादी, जनसंघवाले, संघाचे, जमात-ए-इस्लामीचे असे सगळे एकत्र. आबा तिथे एका जमातवाल्या मास्तरांकडून उर्दू लिपी शिकले. पत्राच्या शेवटी माझ्यासाठी दोन-दोन अक्षरं काढून पाठवायचे. तपासणाऱ्याने ती काळ्या शाईने खोडली. त्याला वाचता येत नव्हती, म्हणजे नक्कीच काहीतरी कट असणार. म्हणून तुझ्या बापाला आजही उर्दूतलं एकही अक्षर येत नाही.

आजीने एक पाटली मोडून वकील दिला होता. नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचे अर्ज ऐकून घ्यायची तयारी दाखवली होती, त्यात आपलं मुंबईही होतं, त्यामुळे आशा होती. मग २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. आणीबाणी असेपर्यंत अटकेविरुद्ध दादच मागता येणार नाही. तुझ्या एमपीएससीच्या वहीत मी पाहिलं होतं, "एडीएम जबलपूर, ४ विरुद्ध १, न्या. खन्ना", आणि पुढे लाल शाईत "महत्त्वाचे". मी ते वाचून बराच वेळ तुझ्या खोलीत बसलो होतो. तुला बाबा काहीतरी शोधतायत असं वाटलं. त्या निकालानंतर वकिलांनी आजीला उरलेली फी परत केली. वाणसामानाचं बिल चुकतं झालं. ४ विरुद्ध १ चा आमच्या घरातला अर्थ एवढाच.

न्यायमूर्ती खन्नांना त्या एका मताची किंमत मोजावी लागली हे तुला माहीतच आहे. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठांना सरन्यायाधीश केलं आणि त्यांनी राजीनामा दिला. आणि पहिल्या नऊ न्यायालयांतल्या न्यायाधीशांची नावं तर वहीतही नसतात.

आता आजीची एक गोष्ट, जी तिने मला आबा गेल्यावर सांगितली. कुणीतरी निरोप आणला होता की इंदिरा गांधींच्या वीसकलमी कार्यक्रमाला पाठिंबा आहे आणि पुढे राजकारणात पडणार नाही असं लिहून दिलं तर सुटका होईल. बरेच जण देत होते. आजी भेटीला गेली आणि आबांना म्हणाली, "सही करा आणि घरी चला." आबांनी केली नाही. परत येताना एस.टी.त तिला इतका राग आला होता की तिकिटाचे सुटे पैसे घ्यायचे राहिले. बुधवारी त्या शामियान्यात सूत्रसंचालकाने "धीरोदात्तपणे पतीच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या" म्हणून तिचं नाव पुकारलं तेव्हा ती माझ्याकडे बघून हसली. तू फोटो काढत होतीस.

(तो फोटो पाठव. शाल-श्रीफळाचा नको, तो हसतानाचा.)

आता अण्णा. तू त्यांना फक्त आजारपणात पाहिलंस, खाटेवर, रेडिओ कानाला लावून. आजीचा धाकटा भाऊ, प्राथमिक शिक्षक, आमचं त्या काळात सगळं पाहिलं ते त्याने. फी त्याने भरली. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडला साहित्य संमेलन होतं, दुर्गा भागवत अध्यक्ष, यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष. आजीला जायचंच होतं, तिला आणि मला घेऊन अण्णाच गेला. मला मंडप आणि भुईमुगाच्या शेंगा आठवतात. पण एक आठवण पक्की आहे. दुर्गाबाईंनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीला आराम पडावा म्हणून प्रार्थना करायला सांगितली. आजीने डोळे मिटले. अण्णाने आधी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि मग मिटले.

पुढच्या वर्षी अण्णावर नसबंदीच्या केसेस आणायचं उद्दिष्ट आलं. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, सगळ्यांवरच होतं. केसेस पुऱ्या होईपर्यंत पगार अडकला. त्या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. आपल्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूरही केलं होतं, राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून राहिलं. अण्णाला शेवटची एक केस कमी पडत होती. त्याने म्हादूला नेलं. मेंढ्या राखायचा, एकोणीस-वीस वर्षांचा, लग्न झालेलं नव्हतं. कागदावर वय छत्तीस आणि मुलं तीन लिहिली. म्हादूने अंगठा लावला. वाचता येत नव्हतं, आणि मास्तरांनी सांगितलं म्हटल्यावर वाचायचं काय?

आबा सुटून आल्यावर पहिल्याच आठवड्यात अण्णा जेवायला आला होता. बोलता बोलता विषय निघाला. आबांनी नुसतं विचारलं, "म्हादूला का रे?" आणि अण्णा म्हणाला, "भाऊजी, वरून आलं होतं. आम्ही फक्त अंमलबजावणी केली."

आबा काही बोलले नाहीत. आजीने अण्णाला भात वाढला. पुढे दर सुगीला अण्णा म्हादूच्या दारात ज्वारीचं एक पोतं टाकायचा, ते कशासाठी हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. अण्णा वाईट माणूस नव्हता गं. त्याने भरलेल्या फीवर मी शिकलो, आणि ती फी कुठल्या पगारातून आली, ती शेवटची केस पुरी झाल्यावर सुटलेल्या पगारातून की काय, हा हिशोब मी आजवर केलेला नाही. करायची हिंमत नाही.

म्हणून उठलो ताटावरून. तुझ्या तोंडी अण्णाचा शब्द ऐकला.

तू म्हणालीस की सरकार निदान आता आठवण तरी ठेवतंय. ठेवतंय की. त्याचा दरही ठरलेला आहे. २०१८ मध्ये ठरलं, महिन्यापेक्षा जास्त कोठडीत होता तर दरमहा १०,००० रुपये, कमी असेल तर ५,०००, जोडीदाराला निम्मे. २०१९ मध्ये दुसरं सरकार आलं, २०२० मध्ये बंद. २०२२ मध्ये तिसरं आलं, सुरू. आता याच महिन्यात दुप्पट झालं. गेल्या वर्षी केंद्राने २५ जून हा 'संविधान हत्या दिवस' म्हणून राजपत्रात जाहीर केला. बंद झालं तेव्हा आजी म्हणाली होती, "माझा नवरा आत गेला होता की नाही, ते यांनी एकदा काय ते ठरवावं." ती पैसे घेते याचं मला वाईट वाटत नाही. तिचं कानाचं यंत्र त्यातूनच आलं. सतरा महिन्यांचा पगार कुणी दिला नव्हता.

पण त्या अर्जात म्हादूसाठी रकाना नाही. आणि सही करणाऱ्यांबद्दल तर एक ओळही नाही. बुधवारच्या प्रदर्शनात मी तेच शोधत फिरलो. इंदिरा गांधींचे फोटो, संजय गांधींचे, बेड्या घातलेले जॉर्ज फर्नांडिस, बातम्यांच्या जागी कोऱ्या सोडलेल्या वर्तमानपत्रांची पानं. सगळं खरं. पण ते पाहून असं वाटतं की दिल्लीतल्या दोघा-चौघांनी एका रात्रीत एक लाखावर माणसं उचलली. जणू मध्ये कुणी नव्हतंच! शाह आयोगाने तो मधला माणूस शोधायचा प्रयत्न केला होता. आणीबाणीतल्या गैरप्रकारांच्या चौकशीसाठी मे १९७७ मध्ये नेमलेला आयोग, तीन अहवाल, शेवटचा ऑगस्ट १९७८ मध्ये. मिसाखाली सुमारे ३५ हजार आणि भारत संरक्षण नियमांखाली सुमारे ७५ हजार अटका, हे आकडे त्यांचेच. वरून यादी आली म्हणून सह्या झाल्या आणि कारणं मागाहून तयार झाली, असे प्रकारही त्यात नोंदलेले आहेत. १९८० नंतर त्या अहवालाच्या प्रती दिसेनाशा झाल्या. तमिळनाडूचे माजी खासदार एरा सेळियन यांच्याकडे जपून ठेवलेली प्रत होती, त्यांनी ती २०१० मध्ये पुन्हा छापली. एका माणसाच्या कपाटामुळे राहिली. आज ज्यांना आणीबाणीची आठवण काढायची हौस आहे त्यांनाही, आणि ज्यांना ती टाळायची आहे त्यांनाही, तो अहवाल गावोगाव वाटावासा वाटत नाही. सह्या सगळ्यांनाच लागतात ना.

हे जरा जास्त झालं. इतिहासाचा मास्तर, त्यात निवृत्त. आणि खरं सांगायचं तर पंचवीस वर्षं शिकवताना मी आणीबाणी एका तासात उरकायचो. परीक्षेला टिपेपुरती येते. वर्गात आबांचं नाव कधी काढलं नाही. तुझ्या उरकाला नावं ठेवतोय, पण तो आला कुठून?

आणखी एक सांगून टाकतो, तुझ्या आईलाही माहीत नाही. मुख्याध्यापक असताना पोषण आहार शिजवणाऱ्या एका बाईंना कमी करायचा ठराव माझ्यापुढे आला. समितीचा होता, शनिवार होता, मला तुझ्या स्नेहसंमेलनाला यायचं होतं. सही केली. सोमवारी त्या बाई दारात उभ्या. ठरावात त्यांच्यावर धान्य चोरल्याचा आळ होता. मी वाचलंच नव्हतं. चोरी दुसऱ्याच कुणाची होती हे पुढे कळलं, तोवर त्या गाव सोडून गेल्या होत्या. तेव्हा हे सगळं मी उंच जागेवर बसून लिहीत नाहीये.

आता एकदाच सांगतो आणि थांबतो. ते अकरा प्रस्ताव पूर्ण वाच. सगळेच निर्दोष असतील असं मी म्हणत नाही, त्यातल्या काहींनी खरोखर लोकांना छळलंही असेल. पण अकरा कागदांत मजकूर तोच आणि नाव तेवढं वेगळं दिसलं, तर हात आखडता घे. ज्याला गाव सोडायला सांगणार आहेस त्याला समोर बसवून ऐक, कारकुनाकडून नाही. दोन वर्षं जिल्ह्याबाहेर म्हणजे त्याची म्हैस कोण बघणार, पोराची शाळा काय, एवढं तरी तुला माहीत असू दे. तोंडी आदेश आला तर नम्रपणे म्हण, साहेब, फाईलवर टिपणी टाकते, तुम्ही शेरा मारा. तेवढ्याने निम्मे आदेश परत जातात असं ऐकलंय. बदली झाली तर होऊ दे. तुझी आई पडवीतली खोली रिकामीच ठेवणार आहे, तिला कारणच हवंय.

तुला हे सगळं ट्रेनिंगमध्ये शिकवलं असेल, माझ्यापेक्षा चांगलं. तू चिडशील. चीड, पण फोन कर.

चौकात तुझा फ्लेक्स लागलाय त्याला मी विरोध केला होता, आठवतं? मग रोज सकाळी दूध आणायला त्या बाजूने का जातो, असं तुझ्या आईने परवा विचारलं. दुधाची डेअरी दुसऱ्या बाजूला आहे. आबा असते तर काय म्हणाले असते मला माहीत नाही. त्यांना सरकारी माणूस घरात येणं म्हणजे एकच अर्थ ठाऊक होता. पण त्यांनी तुझं पोस्टिंगचं पत्र दोनदा वाचलं असतं आणि तिसऱ्यांदा आजीला वाचून दाखवलं असतं, हे नक्की. मी तेच केलं.

हुकुमाची आणि प्रमाणपत्राची झेरॉक्स या पाकिटात घालणार होतो. घातली होती, परत काढली. नव्या टेबलावर पहिल्याच दिवशी बापाने असला कागद पाठवू नये. पेटी कुठे आहे तुला माहीत आहे, किल्ली देव्हाऱ्यामागे.

जेवण वेळेवर कर. एकटी असलीस की चहावर भागवतेस, ते नको.

तुझा,
बाबा

ता.क. आजी आत्ता उठून बाहेर आली, कुणाला लिहितोस विचारलं. मुक्ताला म्हटल्यावर म्हणाली, संध्याकाळी सातनंतर फोन कर म्हणावं, तेव्हा यंत्र लावलेलं असतं. आणि तिला विचार, सही मराठीत करते की इंग्रजीत. मला सांगता आलं नाही. मराठीत की इंग्रजीत?